हरिश्चंद्र डोर्लेकरच्या अकरा शिंका

पूर्णगडच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. हरिश्चंद्र डोर्लेकर होता. पलीकडे गावखडीला जायचं तर त्याच्या होडीत बसायचं, आणि त्याच्या होडीत बसायचं तर आधी त्याच्यासमोर तोंड उघडायचं.

हे मी रंगवून सांगत नाही. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर हा उभा असायचा. आखूड चड्डी, भोकं पडलेला गंजीफ्रॉक, कमरेला गुंडाळलेला टॉवेल. प्रत्येक पुरुष प्रवाशाला म्हणायचा, "हां करा." डॉक्टर जीभ बघायला सांगतात तसं. फरक एवढाच की हा बघायचा नाही, हुंगायचा. जरा वास आला, मग तो सकाळच्या माडीचा का असेना, की त्या माणसाची रवानगी धक्क्यावरच्या उंडीच्या झाडाखाली. "तासभर बस. निवलास की ये." एकदा पलीकडे लग्नाला निघालेल्या वऱ्हाडातला खुद्द नवरदेव उंडीखाली बसवलेला मी पाहिला आहे. मुंडावळ्या बांधलेल्या, आणि डोळे तांबडे. वरबाप हातापाया पडला, मुहूर्ताची भीती घातली. हरिश्चंद्र म्हणाला, "मुहूर्त थांबतलो नाय, पण पाणी पण थांबत नाय." मुहूर्त टळला, पण होडी सुटली नाही.

यामागचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून कोणी रागावत नसे. त्याचा थोरला भाऊ शिवा पिऊन होडीत उभा राहिला होता. त्याला गाणं सुचलं होतं. गाणं अर्ध्यावर राहिलं आणि शिवा दुसऱ्या दिवशी सापडला. वल्ह्यावर तेव्हा हरिश्चंद्रच होता, वय वर्षं एकोणीस. त्यानंतर त्याने दारूचा थेंब कधी जिभेला लावला नाही, आणि लावणाऱ्याला होडीत घेतला नाही.

त्याच्या प्रसिद्धीचं दुसरं कारण म्हणजे शिंका. पौष सरता सरता आमच्याकडे आंब्याच्या कलमांना मोहर येतो. बागायतदार मोहर बघून हरखतात. हरिश्चंद्र मोहर बघून टॉवेल शोधतो. वारा बागांकडून फिरला की त्याची सुरुवात होई, आणि एकदा सुरू झाला की अकरा. दहा नाही, बारा नाही. प्रवासी मोठ्याने मोजायचे. सातव्या-आठव्याला होडी तिरकी व्हायची, मग कोणीतरी पुढे होऊन वल्हं धरायचं, आणि "अकरा!" असा गजर झाला की पुन्हा ते त्याच्या हातात द्यायचं. नव्या माणसाला भीती वाटायची. आम्हाला, अकरा झाल्या नाहीत तर चुकल्यासारखं वाटायचं.

या शिंकांपायी त्याच्या मुलीचं लग्न जुळत आलं, आणि शिंकांपायीच मोडलं. मोडण्यात माझा हात आहे.

मुलगी दमयंती. दहावी पास, बालवाडीत शिकवायची. आईसारखी, म्हणजे येसूबाईसारखी, कमी बोलणारी. पण बोलली की समोरच्याला उत्तर शोधावं लागायचं. त्र्याऐंशी सालच्या मोहरात एकदा ती बापाच्या होडीतून पलीकडे निघाली होती. होडीत आडिवऱ्याचा रघू होता, मुंबईला गोदीत नोकरीला, सुट्टीवर आलेला. हरिश्चंद्रची पहिली शिंक आली तशी बाकीचे मोजायला लागले. रघू मोजत बसला नाही. तो उठला आणि त्याने वल्हं धरलं. अकराव्या शिंकेनंतर वल्हं परत देताना त्याने विचारलं, "काका, पाणी देऊ?" दमयंतीने हे पाहिलं. तिने पाहिलं हे रघूने पाहिलं. पुढचं सांगायला नको.

रघूची आई यमुनाबाई. तिचा नवरा दारूने गेला होता, आणि जाण्याआधी घरातलं जे जे जाण्यासारखं होतं ते ते नेलं होतं. रघूने विषय काढला तेव्हा तिने मुलीचं शिक्षण विचारलं नाही, रंग विचारला नाही. म्हणाली, "तोंड हुंगून माणसं होडीत घेतो, तो हाच ना? मग मला आणखी काय बघायचं नाय. ज्या घरात बाटली नाय त्या घरातली पोर मला हवी." चौऱ्याऐंशीच्या माघात, एका रविवारी, ती आणि तिचा भाऊ महिपत रघूला घेऊन मुलगी बघायला येणार असं ठरलं. बघणं नावाला. खरं तर साखरपुड्याची तारीखच काढायची होती.

मी पूर्णगडचाच. रोज एस.टी.ने पावसला जाऊन तिथल्या एका औषधाच्या दुकानात बसायचो. आदल्या दिवशी, शनिवारी, हरिश्चंद्र दुकानात आला. पायात वहाणा होत्या. त्याला वहाणांत पाहिला की समजावं, काम मोठं आहे.

"भाऊ, शिंक बंद करायची हाय."

"कायमची?"

"आयतवारपुरती." मग तो फळीवर ओणवून हळू आवाजात बोलू लागला. "उद्या पावने येतायत. बोलणी चालू असताना मुलीचा बाप शिंकला तर सोयरीक ऱ्हाते काय? एक शिंक पुरे मोडायला. माज्या तर अकरा."

"मग असं कर हरिदादा, बोलणी पाचवी आणि सहावीच्या मधे उरकून घे."

तो हसला नाही. माझ्या विनोदाला न हसणारा गावात तो एकटाच, आणि तो हसला नाही की मला आणखी चेव यायचा. मी म्हटलं, "नाहीतर यमुनाबाईंना सांग, अकरा शिंका म्हणजे अकरा तोफांची सलामी."

"भाऊ, मी भीत भीत आलोय रे."

तेव्हा मी बरणीतून त्या पिवळ्या गोळ्या काढल्या. सर्दी, शिंका, अंगावर उठणारं पित्त, काजूचा चीक लागून अंग उतल्यावर सुटणारी खाज, सगळ्याला तीच गोळी. बारीक, स्वस्त आणि गुणी. "एक आज जेवल्यावर, एक उद्या सकाळी. शिंकेची बिशाद नाही. फक्त झोप येते हां याने."

"झोप येवंदे. लगीन ठरलं की झोपायचंच हाय."

पाकिटं संपली होती. औषधाच्या खोक्यात तो घडीचा इंग्रजी कागद येतो ना, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा, त्यातल्या एका कागदाची मी पुडी बांधली. आमच्या दुकानात त्या कागदांचा तेवढाच उपयोग होता. काय देऊ नये, कशाबरोबर देऊ नये, कोणाला देऊ नये, हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं असतं. ते सगळं मी त्याच्या हातात दिलं, आणि एक अक्षर वाचून दाखवलं नाही.

आणि एक प्रश्न विचारला नाही: "दुसरं काही औषध चालू आहे का?"

चालू होतं. दिवाळीनंतर त्याला कावीळ झाली होती आणि तेव्हापासून तो गावखडीच्या आप्पा वैद्यांचं आसव घेत होता. जेवणानंतर दोन चमचे, सम प्रमाणात पाणी घालून. हे मला ठाऊक नव्हतं, कारण त्याने ते माझ्यापासून लपवलं होतं. आणि लपवलं होतं, कारण मी आप्पा वैद्यांची नक्कल फार चांगली करायचो. "नाडीत फणस दिसतोय हो तुमच्या," असं आप्पांच्या आवाजात म्हटलं की दुकान हसायचं. त्यांच्या औषधाला मी आठळ्या उकडलेलं पाणी म्हणायचो. तेव्हा आप्पांचं औषध घेणारे ते मला सांगत नसत, आणि माझ्या गोळ्या घेणारे ते आप्पांना सांगत नसत. आप्पाही काही कमी नव्हते. ते माझ्या गोळ्यांना खडू म्हणायचे. गाव भिडस्त. दोघांची मनं राखायची म्हणून पोटात दोन-दोन औषधं घेऊन लोक तोंड मिटून हिंडायचे.

आणि ती बाटली! आप्पा वैद्यांची रीत अशी, की औषध त्यांचं, बाटली तुमची. आमच्याकडच्या घरातली बाटली म्हणजे चपटी. मुंबईहून सुट्टीला येणारे चाकरमानी ती भरलेली आणतात आणि रिकामी ठेवून जातात. मग त्या चपटीत खोबरेल येतं, मध येतो, रॉकेल येतं. देवाच्या समईचं तेलसुद्धा आमच्याकडे चपटीत असायचं, आणि देवानेही कधी तक्रार केली नव्हती. हरिश्चंद्रचं आसव अशाच एका चपटीत होतं आणि चपटी कमरेच्या टॉवेलात. होडीत चमचा कुठला? तेव्हा दोन चमच्यांचे त्याने दोन घोट केले होते. तीन महिने घेत होता. काही झालं नव्हतं. आसव आंबवून करतात, आंबताना त्यात आपोआप दारू तयार होते, थोडी का होईना, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. जो माणूस माडीच्या वासावर नवरदेवाला उंडीखाली बसवत होता, तो स्वतः दिवसातून दोनदा घोट घेत होता. औषध म्हणून, डोळे मिटून, तोंड वाकडं करून.

रविवारी सकाळी धक्क्यावर मी मुलीकडचा माणूस म्हणून इस्त्रीचा सदरा घालून उभा होतो. येसूबाईने आदल्या दिवसापासून खोबऱ्याच्या वड्या थापल्या होत्या. दमयंतीने अंगण तीनदा सारवलं होतं, तिसऱ्यांदा सारवताना आईने विचारलं, "पावने अंगणात झोपणार हायत काय?" हरिश्चंद्र पलीकडे गेला होता पाहुण्यांना आणायला. दुसऱ्या कोणाला पाठव म्हणून मी सांगून पाहिलं. "माजे पावने माज्या होडीतनं येणार," म्हणाला. डोळे जड वाटले मला. मी म्हटलं, "झोप झाली नाही वाटतं?" म्हणाला, "लय झाली. अजून येतेय." मी हसलो.

होडीत काय झालं ते रघूने मला नंतर सांगितलं, आणि थोडं मी धक्क्यावरून पाहिलं.

मधोमध येईपर्यंत सगळं नीट होतं. वारा बागांकडचाच होता, पण शिंक नाही. हरिश्चंद्र खूश. महिपतने गप्पा काढल्या, "काय व्याही, यंदा मोहर कसा हाय?" हरिश्चंद्र बोलायला गेला तर जीभ टाळूला चिकटलेली. त्या गोळीने तोंड सुकतं; तेही त्या कागदावर होतं. होडीत प्यायचं पाणी नव्हतं. खाडीचं पाणी खारं. त्याने कमरेची चपटी काढली, पाहुण्यांकडे बघून कसनुसा हसला, आणि घसा ओला करण्यापुरता घोट घेतला. न्याहारीनंतरचे दोन घोट झालेलेच होते. पुन्हा घसा सुकला. पुन्हा घोट. "औषध हाय," असं तो म्हणाला म्हणे. पण जड जिभेतून जे बाहेर आलं त्याला औषध म्हणणं कठीण होतं. यमुनाबाईंनी पदर नाकाला लावला.

मग मी धक्क्यावरून पाहिलं, की होडी समोर यायची ती स्वतःभोवती फिरतेय. एक गिरकी, दुसरी, तिसरी. मला वाटलं, शिंका सुरू झाल्या. मी सवयीने मोजायला लागलो. पण आवाज येईना. वल्ह्यावर मान टाकून हरिश्चंद्र झोपला होता. रघू उठला, त्याने वल्हं धरलं आणि होडी धक्क्याला लावली. अकरातली एकही शिंक आली नव्हती. गोळी गुणीच होती.

यमुनाबाई पायरीवर उतरल्या. वळल्या. वाकून त्याच्या तोंडापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "हां करा, व्याही."

आणि त्याने झोपेत, शहाण्या मुलासारखं, तोंड उघडलं.

यमुनाबाई सरळ झाल्या. आम्ही दोघातिघांनी त्याला उचलून बाहेर काढला, तशा त्या पुन्हा होडीत जाऊन बसल्या. महिपत त्यांच्या शेजारी. रघूने वर, डोर्लेकरांच्या घराच्या दिशेला, एकदा पाहिलं. मग आईकडे पाहिलं. वल्हं त्याच्याच हातात होतं. होडी ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत गेली, आणि होडीवाला आम्ही उंडीच्या झाडाखाली निजवला. निजवायला सावली तेवढीच होती. कोणाच्या मनात दुसरं काही नव्हतं.

चार वाजता तो जागा झाला. पहिलं वाक्य, "पावने आले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी एस.टी. यायच्या आधी दमयंती माझ्या अंगणात उभी. एका हातात चपटी, दुसऱ्या हातात पुडीचा कागद, हाताने नीट सरळ केलेला.

"भाऊकाका, हे वाचा." एका ओळीवर तिचं बोट होतं. अल्कोहोल, असा शब्द होता. "मी बालवाडीतला शब्दकोश आणून बघितला. ह्याच्याबरोबर ती गोळी घ्यायची नाय असं लिहिलंय ना?"

"हो."

"मग आसवात असतो तो?"

मी चपटीचं बूच काढून हुंगलं. हुंगायची गरज नव्हती. "असतो."

"बाबांना म्हायत नव्हतं. तुमाला होतं?"

"आसवात असतो हे माहीत होतं. तो आसव घेतो हे नव्हतं."

"विचारलंत?"

सांगितलं ना, ती बोलली की उत्तर शोधावं लागायचं. मी शोधत होतो तेवढ्यात तीच म्हणाली, "बाबा सांगायला गेले तर कोण मानणार? दारू पिणारा असंच सांगतो. तुमी औषधातले. तुमी आडिवऱ्याला जाऊन सांगा. आजच्या आज."

"आज दुकान आहे गं. उद्या नक्की जातो."

हा उद्या नऊ दिवसांनी उजाडला. मंगळवारी दुकानात माल यायचा होता. बुधवारी मालकांना रत्नागिरीला जायचं होतं. गुरुवारचं कारण मला आता आठवत नाही, म्हणजे ते नव्हतंच. खरं कारण निराळं होतं, आणि ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

गोष्ट फार चांगली होती हो. तोंड हुंगणारा हरिश्चंद्र आणि त्याचंच तोंड हुंगलं गेलं! सोमवारीच दुकानात कोणीतरी विचारलं, "काय ओ भाऊ, तुमच्या होडीवाल्याचं काय झालं म्हणे?" मी सांगितलं. नक्कल करून सांगितलं. लोक पोट धरून हसले. मंगळवारी आणखी लोक आले. मी होडीच्या गिरक्या तीनच्या सात केल्या. यमुनाबाईंचा आवाज मला चांगला जमायला लागला. पहिल्या दिवशी मी गोष्टीत गोळी सांगत होतो, आसव सांगत होतो, कागदही सांगत होतो. पण गोळीपाशी आलं की लोक हसायचे थांबत आणि डोकं खाजवत. गोष्ट लंगडायची. शिवाय गोळी आली की गोळी देणारा आला. म्हणून बुधवारी मी गोळी गाळली. नुसती चपटी ठेवली. मग काय, गोष्ट अशी धावायला लागली की काही विचारू नका. पावसहून ती रत्नागिरीच्या बाजारात गेली, हातखंब्याच्या हॉटेलांत गेली, आणि तिला होडी लागत नव्हती, ती खाडीपलीकडेही गेली.

नवव्या दिवशी मी आडिवऱ्याला गेलो. हरिश्चंद्रनेच पलीकडे सोडलं. कुठे निघालो ते त्याने विचारलं नाही, उतरताना एवढंच म्हणाला, "भाऊ, सांबाळून बोल. ती बाई दुखावलेली हाय."

यमुनाबाईंनी मला ओटीवर बसवलं. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. कागद दाखवला, ओळ दाखवली, गोळी झोप आणते, दारू तिला चढवते, दोघी मिळून चांगल्या माणसालाही आडवा करतात, तोंड सुकतं, आसव आंबवलेलं असतं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या,

"हे दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं असतंत तर मी मानलं असतं."

"मानाच की आता. खरं आहे सगळं."

"असेल. पण गेले आठ दिवस त्यांच्याच गावातला माणूस ही गोष्ट सांगून हसवतोय म्हणे लोकांना. तो काय औषधाचं सांगत नाय. माज्या रघूला आडिवऱ्याच्या नाक्यावर विचारतात, सासऱ्याला वल्हवत आणलास काय रे." त्या थांबल्या. "माज्या नवऱ्याला पण लोक असेच हसायचे. नकला करायचे त्याच्या. मी वीस वर्षं ते हसणं ऐकलंय, भाऊ. सुनेच्या बापासाठी परत ऐकायचं माज्यात बळ नाय. ते प्यायले होते का नव्हते, हा प्रश्नच ऱ्हायला नाय आता."

तो हसवणारा माणूस कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. पाणी पिऊन उठलो. ओटीच्या खांबाला टेकून रघू उभा होता. तो मला नाक्यापर्यंत सोडायला आला. पुढच्या आठवड्यात तो मुंबईला गेला.

त्यानंतर हरिश्चंद्रने तोंड हुंगणं सोडलं. कोणी सांगितलं नाही, भांडण नाही, काही नाही. एका सोमवारी तो पायरीवर उभा राहिला आणि प्रवासी सवयीने "आ" करून उभे, तर तो म्हणाला, "बसा." एवढंच. उंडीखाली पुन्हा कोणाला बसवलं नाही. डुलत येणारेही होडीत चढायला लागले. त्यांना तो फक्त होडीच्या मधल्या फळीवर बसवी आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्यावरून नजर काढत नसे. मी एकदा म्हटलं, "हरिदादा, हा तर धड उभा नाही, आणि तू घेतलास?" तर म्हणाला, "मी कोण रे त्याचं तोंड बगणार?"

मला तो कधी काही बोलला नाही. ना गोळीबद्दल, ना गोष्टीबद्दल. बोलला असता तर बरं झालं असतं. येसूबाई मात्र त्यानंतर माझ्या घरी हळदीकुंकवाला आली नाही. दमयंतीचं लग्न दोन वर्षांनी लांज्याकडच्या एका मास्तरांशी झालं. चांगला माणूस आहे. तीही बरी आहे. माहेरी आली की भेटते, "भाऊकाका, तब्येत कशी?" विचारते. बालवाडीतला होता तसाच एक शब्दकोश मी तिला लग्नात द्यायचा म्हणून नवा घेऊन ठेवला होता. दिला नाही. कशाला आठवण.

मी सुधारलो, असं दुकानात म्हणतात. आता कोणी पिवळी गोळी मागितली की मी आधी चौकशी करतो. आसव-अरिष्ट काही चालू? माडी? झोपेची गोळी? डोळ्यात काचबिंदू? म्हाताऱ्यांना हळूच विचारतो, लघवी अडकते का? वैद्याचं, हकिमाचं, शेजारणीने दिलेलं, काहीही असो, लाजू नका, मी हसणार नाही. एक आजोबा वैतागून म्हणाले, "मेल्या, मी सर्दीची गोळी मागतोय, तू सोयरीक जमवल्यासारखा काय विचारतोस?" मी म्हटलं, "सोयरिकीपायीच विचारतोय, आजोबा." त्यांना कळलं नाही. आप्पा वैद्यांची नक्कल मी सोडली. ते गेले तेव्हा खांदा द्यायला गेलो होतो.

सत्याऐंशीच्या मोहरात एकदा मी पलीकडे चाललो होतो. होडी भरलेली. बाहेरगावचा एक तरतरीत विमा-एजंट माझ्या समोर बसला होता. अर्ध्या खाडीत त्याने सगळ्यांना उद्देशून विचारलं, "काय हो, तो पिऊन झोपलेला होडीवाला इथलाच ना? लोकांची तोंडं हुंगायचा तो? हातखंब्याला ऐकला किस्सा. हसून मेलो."

होडीत सगळ्यांनी पाण्याकडे पाहिलं. वल्हं चालू होतं.

"इथलाच," हरिश्चंद्र म्हणाला. "तो दुसऱ्या पाळीला असतो."

एजंट हसला. आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागलो. म्हटलं, तो माणूस प्यायला नव्हता. गोळी मी दिली होती. आसव आप्पांचं होतं. कागद असा होता, विचारायचं मी विसरलो, जायला मी उशीर केला, आणि हा किस्सा तुम्ही ऐकलात तो मी बनवलेला आहे, गोळी मीच त्यातून काढली. नक्कल केली नाही, आवाज काढले नाहीत. गिरक्या तीनच सांगितल्या. हे सगळं मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होतो, आणि वाईट म्हणजे वाईट सांगत होतो. मधेच पुढचं मागे, मागचं पुढे. एजंटाने "असं होय" म्हटलं आणि बॅग मांडीवर घेतली. एका बाईने कोळंबीची टोपली दुसऱ्या बाजूला सरकवली. एकाने विचारलं, "म्हणजे मोहराच्या शिंकांवर ती गोळी चालते ना पण?" पलीकडचा किनारा आला, सगळे उतरले, पांगले. तीन वर्षं साठवलेलं मी सांगितलं आणि कोणाला त्याचं काही नव्हतं.

होडीत मी आणि हरिश्चंद्र राहिलो. मला उतरायचं सुचत नव्हतं.

"भाऊ," तो म्हणाला, "आज किस्सा जमला नाय तुला. कोण हसला नाय."

"नाही."

"आदी हसायचे लय." टॉवेलाने त्याने तोंड पुसलं. "दमूला सांगतंय मी, तू सांगितलंस म्हणून."

"आता सांगून काय उपयोग, हरिदादा?"

"उपयोग काय नाय. पण सांगतंय."

वारा बागांकडून फिरला. त्याचा चेहरा बदलला, नाक वर झालं. पहिली शिंक आली. दुसरी आली. तिसरीला त्याने न बघताच वल्हं माझ्याकडे ढकललं, आणि मी ते धरलं. मला वल्हवता येत नाही. बांधलेली दोरी मघाच सुटली होती, ते आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हतं. होडी किनाऱ्यापासून हळूहळू लांब जायला लागली, तिने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली. किनाऱ्यावर कोणी मोजायला नव्हतं. म्हणून मी मोजल्या. अकरा.